लाजराच्या कबरीकडे जाताना
बायबलमधलं बेथानी म्हणजे आजचं पॅलेस्टाइनमधलं अल-ऐझरिया. या अरबी नावातच लाजर दडलाय, म्हणजे बायबलनुसार येशूने मेल्यावर पुन्हा जिवंत केलेला त्याचा मित्र. जेरुसलेमहून अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण मध्ये इस्रायलने बांधलेल्या भिंतीमुळे गाडीला लांबचा वळसा पडतो. म्हणून अर्धा दिवस मोकळा ठेवा. पासपोर्ट जवळच असू द्या, परतताना तपासनाका लागतो. कबरीत उतरायला ओबडधोबड, अरुंद दगडी पायऱ्या आहेत, त्यामुळे पकड असलेले बूटच घाला; गुडघे दुखत असतील तर खरंच उतरू नका. आतली खोली ठेंगणी, वाकूनच शिरावं लागतं. सुटे शेकेल (इथलं चलन) खिशात ठेवा. आणि उतरण्याआधी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय वाचाच. ‘येशू रडला’ हे वाक्य याच गावातलं आहे.