पॉकेट वॉच वेळेवर कसं आणायचं, आणि त्या काट्याला कधी हात लावायचा नाही

चावीचं पॉकेट वॉच घेतलं की आठवड्याभरात प्रत्येकाची एकच तक्रार, रोज चार-पाच मिनिटं पुढे पळतंय. आणि लगेच कोणीतरी सांगतं, मागचं झाकण उघड, आतला छोटा काटा सरकव, झालं काम. असं नसतं हो ते.

आधी चावी. रोज ठरलेल्या वेळी, फिरायची थांबेपर्यंत द्यायची. "पूर्ण चावी दिली की स्प्रिंग जाते, अर्धीच द्या" असं सांगणारे भरपूर भेटतील, ऐकू नका. पूर्ण चावी देऊनही घड्याळ बंद असेल तर बहुतेक वेळा दोष आत सुकलेल्या तेलाचा असतो, त्याला सर्व्हिसिंग लागतं (शिलाई मशीनचं तेल नाही, प्लीज). पूर्ण चावीवर साधारण 30 ते 40 तास चालतं, पण शेवटच्या तासांत चाल ढिली पडते, म्हणून अर्ध्या चावीवर घेतलेलं माप फुकट.

काटे लावणं सोपं, डोकं (चावी द्यायची वरची गोल कळ) बाहेर ओढा नि फिरवा. जुन्या अमेरिकन रेल्वे घड्याळात मात्र डोकं ओढून काही होत नाही, काचेची रिंग काढायची, डायलच्या कडेची बारीक पट्टी नखाने बाहेर ओढायची, वेळ लावून परत आत ढकलायची. चुकून काटे हलू नयेत म्हणून केलेली सोय आहे ती, जोर लावू नका.

मग आठवडाभर फक्त लिहायचं. रोज चावी द्यायच्या आधी फोनशी ताडून किती सेकंद पुढे-मागे ते टिपा. दिवसा खिशात उभं आणि रात्री टेबलावर आडवं ठेवलं तर चाल बदलते, म्हणून रात्रीही उभंच ठेवा, पण पाठ टेकलेली हवी. साखळीला मोकळं लोंबकळत ठेवलं तर बॅलन्सच्या (आत मागेपुढे हलणाऱ्या चाकाच्या) झोक्याने अख्खं घड्याळच बारीक झुलायला लागतं आणि माप बिघडतं.

आता तो काटा, म्हणजे रेग्युलेटर. माझं एक घड्याळ अचानक दिवसाला वीस मिनिटं पुढे जायला लागलं. मी रेग्युलेटर ढकलत ढकलत एस (म्हणजे स्लो) च्या टोकापर्यंत नेला, तरी पुढेच. मग कोणीतरी होकायंत्र जवळ धरायला सांगितलं तर सुई घड्याळाच्या तालावर थरथरायला लागली. घड्याळात चुंबकत्व शिरलेलं, मी रोज स्पीकरशेजारी ठेवत होतो! त्याने हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सला हलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स भराभर हलतो. डीमॅग्नेटायझरवरून (चुंबकत्व काढणारं यंत्र) फिरवलं नि चाल एका मिनिटात सुधारली, आणि दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ मागे पडायला लागलं, कारण एस ला नेलेला रेग्युलेटर तसाच. म्हणजे रोग एक आणि औषध भलतंच. चाल एकदम बिघडली तर आधी चुंबक तपासा, काट्याला हात नंतर.

रोज साधारण सारखाच फरक येतोय ना, मगच झाकण उघडा. रेग्युलेटरच्या पट्टीवर एफ (फास्ट) आणि एस असेल, स्विस-फ्रेंच घड्याळात ए आणि आर. मागे पडत असेल तर एफ किंवा ए कडे, पुढे जात असेल तर एस किंवा आर कडे. रेग्युलेटरच्या दोन पिना हेअरस्प्रिंगला धरून असतात, त्या सरकल्या की स्प्रिंगचा कामाचा भाग लांब किंवा आखूड होतो, एवढंच. बहुतेक घड्याळं तासाला 18000 ठोके देतात, दिवसाला एक मिनिट चुकलं म्हणजे 4,32,000 पैकी फक्त 300 ठोके चुकले, म्हणून काटा केसभर सरकवायचा, केसभर म्हणजे सरकला की नाही अशी शंका यावी इतपत.

आणि स्टीलचा स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. माझा एकदा घसरला, टोक हेअरस्प्रिंगमध्ये अडकलं आणि सगळे वेढे गुंतले, डोळ्यादेखत, आवाजसुद्धा आला नाही. टोकदार लाकडी काडी घ्या, हात टेबलावर टेकवा, श्वास सोडा आणि फक्त रेग्युलेटरच्या शेपटीला स्पर्श करा. बाजूला बारीक स्क्रू असलेला रेग्युलेटर असेल तर तो पाव फेरा, तिथे बारीक स्क्रूड्रायव्हर लागतोच पण चुंबक न लागलेला. झाकण लावा, दोन दिवस बघा, परत थोडंसं. एकाच दिवसात चार वेळा करणाऱ्याला काहीच कळत नाही.

दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत आलं की मी थांबतो. अमेरिकन रेल्वेवाल्यांची हद्द आठवड्याला 30 सेकंद होती, पण त्यांची घड्याळं नियमित तपासली जायची. आणि पुढचं झाकण असलेलं घड्याळ असेल तर मिटताना डोकं दाबून धरा, मग झाकण बसवा, टक्कन आपटलं की कडीची धार झिजते आणि मग ते झाकण खिशात आपोआप उघडतं.