आईवडिलांच्या ऑपरेशनचा खर्च आयकरातून वजा कसा करायचा

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे सव्वादोन लाख खिशातून गेले आणि तिचा आरोग्य विमा नसेल, तर ८०डी कलमाखाली त्यातले ५०,००० रुपये मुलाच्या उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून १०,४०० रुपये कर वाचतो. स्वतःचं वय साठीच्या आत असेल, तर स्वतःच्या ऑपरेशनवर मात्र या कलमाखाली काहीच मिळत नाही.

आधी करप्रणाली बघा. ही वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही, त्यामुळे नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या बहुतेकांनी केवळ या वजावटीसाठी जुनीकडे वळू नये. गृहकर्जाचं व्याज, पीएफ असं बरंच काही असेल तरच दोन्हीकडचा हिशेब मांडा. जुनी निवडायची तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. उशीर झाला की नवीच लागू होते.

आता अटी. रुग्ण भारतात निवासी आणि त्या आर्थिक वर्षात केव्हातरी साठ पूर्ण केलेला हवा. त्याच्या नावावर विम्याचा हप्ता भरलेला नसावा. विमा कंपनीने नाकारलेला मोतीबिंदूचा खर्च इथे दाखवता येत नाही, कारण पॉलिसी चालू आहे. आईचा विमा आहे, वडिलांचा नाही, असं असेल तर आईचा हप्ता आणि वडिलांचा खर्च मिळून ५०,००० धरा. आईवडील तुमच्यावर अवलंबून असण्याची गरज नाही.

रोखीमुळे दावा बुडतो. रोख भरलेला खर्च चालत नाही. रोखीची सूट फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, तीही ५,००० रुपयांपर्यंत आणि वरच्या मर्यादेतच. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या दुकानांतून औषधं घेतानाही यूपीआय वापरा आणि रुग्णाच्या नावाचं पक्कं बिल मागा. पैसे तुमच्याच खात्यातून जाऊ द्या. आईने स्वतःच्या एफडीतून भरले, तर तुमची वजावट गेली. दोन भावांनी आपापला वाटा आपापल्या खात्यातून भरला, तर प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा मिळते. ऑपरेशन मार्चअखेर असेल तर अनामत ३१ मार्चपूर्वी आणि उरलेलं बिल नंतर भरलं की दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात.

कॅन्सर, मूत्रपिंड निकामी होणं, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सनसारखे मज्जासंस्थेचे काही विकार (४० टक्के अपंगत्व असल्यास) यांच्यासाठी ८०डीडीबी हे वेगळं कलम आहे: ४०,०००, ज्येष्ठ रुग्णासाठी १ लाख. इथे वयाची अट नाही, पण रुग्ण तुम्ही स्वतः किंवा तुमच्यावर अवलंबून असलेले जवळचे नातलग हवेत. त्या विषयातल्या तज्ज्ञाची चिठ्ठी लागते: रुग्णाचं नाव, वय, आजार, डॉक्टरचं नाव, पत्ता, पदवी, नोंदणी क्रमांक. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. उपचार सरकारी रुग्णालयात असतील तर तिथल्या पूर्णवेळ एमडी मेडिसिन डॉक्टरची चालते.

यात एक गोम आहे. विम्याची मिळालेली रक्कम खर्चातून नाही, वजावटीतूनच वळती होते. तीन लाखांच्या केमोवर ४०,००० चा क्लेम मिळाला, तर साठीच्या आतल्या रुग्णासाठी वजावट शून्य.

रिटर्नला कागद जोडायचे नसतात, पण नोटीस आली की बिलं, चिठ्ठी आणि बँक स्टेटमेंट दाखवावं लागतं. थर्मल कागदावरची बिलं पुसट होतात. घेतल्या दिवशीच फोटो काढा.