घरच्या घरी पिटा ब्रेड

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या भागांत रोज खाल्ला जाणारा पिटा टम्म फुगतो तो यीस्टपेक्षा आत कोंडलेल्या वाफेमुळे, म्हणून खरी काळजी घ्यायची ती आचेची. ४०० ग्रॅम मैद्यात ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर मीठ व दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल घालून सुमारे २५० मिलि कोमट पाण्याने सैलसर पीठ भिजवावे, दहा मिनिटे चांगले मळावे आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावे; त्याला साधारण तासभर लागतो, थंडीत अधिक.

आठ गोळे करून ते दहा मिनिटे मुरू द्यावेत, मग जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीचे लाटावेत. लाटताना घडी किंवा चीर पडू देऊ नये, कारण तेवढ्या फटीतूनही वाफ निसटते आणि आतली पोकळी तयार होत नाही.

ओव्हनमध्ये लोखंडी तवा ठेवून तो २५० अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवावा आणि पिटा थेट त्यावर टाकावा. तीनेक मिनिटांत फुगे एकमेकांत मिसळून तो पूर्ण फुगतो. तपकिरी होण्याची वाट पाहिल्यास कडक होतो. काढल्याबरोबर स्वच्छ फडक्यात गुंडाळावा.