विंडोज, लिनक्स, मॅक सगळं एकाच ऑफिसात असेल तर बॅकअप सॉफ्टवेअर कसं निवडायचं

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचं आयटी बघतो. अकाउंट्सला विंडोजवर टॅली, ईआरपी (ऑर्डर, स्टॉक, डिस्पॅच सांभाळणारं सॉफ्टवेअर) उबंटू लिनक्सवर, त्याच्या मागं पोस्टग्रेस डेटाबेस, डिझाईनला दोन मॅक, आणि शॉपफ्लोअरवर मशीनशेजारी एक विंडोज एक्सपीचा जुना डबा, तो बदला म्हटलं की मशीनवाला अख्खा कंट्रोलर बदलायचं कोटेशन पाठवतोय. सगळी मिसळच. आपल्याकडं बऱ्याच कारखान्यांत असंच असणार, म्हणून लिहितोय.

सेल्सवाल्याला बोलवायच्या आधी एक वही घ्या आणि प्रत्येक मशीनपुढं ओएसचं नेमकं व्हर्जन लिहा, डेटा किती ते लिहा, आणि त्या खात्यातल्या माणसाला दोन प्रश्न विचारा: किती तासांचं काम परत एंटर करायला लागलं तर चालेल, आणि सिस्टीम किती वेळ बंद राहिली तर चालेल. पहिल्याला आरपीओ म्हणतात, दुसऱ्याला आरटीओ (ताराबाई पार्कातलं नव्हे). आमचा डिस्पॅचवाला म्हणाला अर्धा तास पण नाही, गेटवर गाड्या उभ्या असतात, आणि एचआर म्हणालं दोन दिवस निवांत चालेल. इथंच निम्मा खर्च वाचतोय, कारण सगळ्यांना एकच महागडा प्लॅन लागत नाही.

मग येतंय ब्रोशर. त्यावर तिन्ही ओएसचे लोगो असतातच, त्याला भुलू नका, सपोर्टची पूर्ण यादी मागा, लिनक्सच्या कुठल्या कर्नलपर्यंत (ओएसचा गाभा, त्याची पण व्हर्जन असतात) चालतंय ते बघा. मॅकचं तर खास विचारा. वीम नावाच्या बॅकअप सॉफ्टवेअरचा मॅक एजंट, म्हणजे मशीनवर बसवायचा छोटा प्रोग्रॅम, फक्त युजर डेटा घेतो, अख्ख्या मशीनची इमेज नाही, म्हणजे मॅक गेला तर ओएस नव्यानं टाकून फाइल परत आणायच्या, आम्हाला ते चालतंय. आणि मॅकओएसच्या मोजावे व्हर्जनपासून, म्हणजे २०१८ पासून, एजंटला फुल डिस्क ॲक्सेस (सगळी डिस्क वाचायची परवानगी) हातानं द्यायला लागतो, नाहीतर काही फोल्डर बॅकअपमध्ये येतच नाहीत. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपलाय, त्या एका डब्यासाठी सॉफ्टवेअर निवडू नका, मशीनचं काम बंद असताना क्लोनझिला या फुकट टूलनं डिस्कची कॉपी काढा, तीच कॉपी दुसऱ्या डिस्कवर उतरवून एकदा चालवून बघा आणि ती डिस्क कपाटात ठेवा.

आता डेटाबेस, आणि मी इथंच तोंडावर आपटलोय. विंडोजवर व्हीएसएस नावाची सोय आहे, एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस तिच्याशी बोलून एका क्षणाचा नीट स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाला डेटा जसा होता तशी कॉपी, देतो. लिनक्सवर अशी सगळ्यांना लागू पडणारी एक सोय नाही, एलव्हीएम (लिनक्सची डिस्क सांभाळायची सोय) स्नॅपशॉट किंवा आधी-नंतर चालणारी स्क्रिप्ट आपल्यालाच बसवायला लागते. आमचं जुनं सॉफ्टवेअर चालू पोस्टग्रेसच्या फाइल नुसत्या उचलून न्यायचं, रोज सकाळी हिरवी टिक, मी खूश, आणि रिस्टोअर करायची वेळ आली तेव्हा डेटाबेस उठेचना. शेवटी तीन आठवड्यांपूर्वीचा एक डंप (डेटाबेसमधनं बाहेर काढलेली पूर्ण फाइल) सापडला आणि मधल्या एंट्र्या चलनं बघून परत टाकल्या, रविवारी सुद्धा. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीचं पण ३१ जानेवारी २०१७ ला असंच झालं, डेटाबेस चुकून उडवला आणि मग कळलं की पोस्टग्रेसच्या डंपचं टूलच चुकीच्या व्हर्जनचं होतं, बॅकअप फेल होत होता आणि त्याचे मेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. साधारण सहा तासांचा डेटा गेला.

म्हणून ट्रायल मिळते ती बॅकअप घेण्यात घालवू नका, रिस्टोअर करण्यात घालवा. लिनक्सवरच्या फाइल परत आणल्यावर मालक आणि परमिशन तेच आहेत का, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडं बोट दाखवणारी फाइल) टिकली का, कॅपिटल-स्मॉलच्या फरकानं वेगळ्या असलेल्या दोन फाइल एकमेकींवर बसल्या का, मराठी नावाच्या फाइल उघडतात का. आणि एक अख्खा सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या हार्डवेअरवर उठवून बघा.

कॉपी ठेवायची कुठं हे तर कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद. ऑफिस शाहूपुरीत आणि दुसरी कॉपी मालकांच्या नागाळा पार्कातल्या घरी, म्हणजे एकाच शहरात, असली ऑफसाइट (ऑफिसबाहेरची कॉपी) काय कामाची? एक कॉपी शहराबाहेर पाहिजेच. क्लाउड घेणार असाल तर गणित करा, ५० एमबीपीएस अपलोडवर १ टीबी जायला ४४ तासांच्या वर लागतात, तेव्हा पहिली कॉपी डिस्कवरनं पाठवायची सोय आहे का विचारा. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा नियम आहे, त्यामुळं डेटासेंटर कुठलं हे सीएला पण दाखवा. रॅन्समवेअरसाठी (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) एक कॉपी ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाच, ॲडमिनला सुद्धा, पुसता येणार नाही अशी ठेवता येते का बघा, आणि बॅकअप सर्व्हरचा पासवर्ड डोमेन ॲडमिनचा तोच ठेवू नका राव.

लायसन्स कुणी मशीनवर मोजतंय, कुणी सॉकेटवर (सर्व्हरमधल्या प्रोसेसरांच्या संख्येवर), कुणी टीबीवर, तीन वर्षांनी डेटा वाढल्यावर किती होईल तेच विचारा. सबस्क्रिप्शन संपल्यावर जुना बॅकअप रिस्टोअर करता येतो का हे मेलवर लिहून घ्या. बजेट नसेल आणि हाताशी लिनक्स जाणणारा माणूस असेल तर बॅरिओस हे ओपन सोर्स बॅकअप सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण सगळं कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचं, तो माणूस नोकरी सोडून गेला की अवघड. आम्ही वीम घेतलं, ते पण डिस्पॅचवाल्याला शेजारी बसवून ईआरपी रिस्टोअर केल्यावर. घड्याळ लावलं होतं, २६ मिनिटं लागली, त्यानं स्वतः एक चलन प्रिंट काढून बघितलं आणि मग पीओ (खरेदीची ऑर्डर) गेली.