एन्झाइम आणि सब्स्ट्रेटची गाठ: या चुका टाळा

'एन्झाइम आपला सब्स्ट्रेट शोधत जातो.' हे वाक्य अकरावी-बारावीच्या पेपरांत दरवर्षी येतं आणि दरवर्षी मी त्यावर लाल रेघ मारते. एन्झाइम म्हणजे क्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन आणि सब्स्ट्रेट म्हणजे ते ज्यावर काम करतं तो रेणू. एन्झाइम काहीही शोधत नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात पेशीतले रेणू वाट फुटेल तिकडे भटकतात आणि भटकता भटकता एकमेकांवर आदळतात. या धडका मात्र अफाट असतात. सब्स्ट्रेटची संहती (द्रावणातलं प्रमाण) फक्त ०.५ मिलिमोलर असली तरी एका सक्रिय स्थानावर (एन्झाइमवर सब्स्ट्रेट बसतो त्या जागेवर) सेकंदाला सुमारे पाच लाख धडका बसतात. म्हणून आकृतीत एन्झाइमकडून सब्स्ट्रेटकडे बाण काढू नका. मी फळ्यावर दोघांचीही वेडीवाकडी रेघच काढते.

अंतराचा विचार न करणं ही त्याहून मोठी चूक. एका प्रॅक्टिकलला एका मुलाने स्टार्चच्या द्रावणावर लाळेचं पातळ द्रावण (लाळेत स्टार्च तोडणारा अमायलेज हा एन्झाइम असतो) हलकेच सोडलं आणि नळी तशीच स्टँडला लावली. मग ड्रॉपर तळापर्यंत घालून दर दोन मिनिटांनी टाइलवर आयोडीनमध्ये थेंब टाकत बसला. प्रत्येक थेंब निळाकाळा, म्हणजे स्टार्च अजून शिल्लक. शेजारच्या मुलीचे थेंब केव्हाच तपकिरी राहायला लागले होते. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, माझ्या लाळेत अमायलेजच नाही वाटते. निळंच येऊन राहिलं." मी नळीला बूच लावून ती दोन-तीनदा उलटीपालटी केली. थोड्याच वेळात त्याचाही थेंब तपकिरी राहिला.

विसरणाला, म्हणजे रेणूंनी असं भटकत पसरायला, लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अंतर दहापट, तर वेळ शंभरपट. ई. कोलाय जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब. त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला प्रथिनाला एक सेकंदही लागत नाही. नळीतलं एक सेंटिमीटर नुसत्या विसरणाने कापायला मात्र कित्येक दिवस जातील. पेशीला ढवळावं लागत नाही, नळीला लागतं. रीडिंग पटकन हवं म्हणून नळी न हलवणारी आणि मग शेजारच्याच्या जर्नलमधून आकडे उतरवणारी मुलं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं.

गरम नळीत आयोडीन टाकू नका. उष्णतेने निळा रंग जातो, आणि उकळलेल्या एन्झाइमनेही स्टार्च पचवलं असा भास होतो. नळी आधी थंड करा.

तापमानाबद्दल तर क्लासच्या नोट्समध्येसुद्धा चुकीचं असतं: 'रेणू जोरात धावतात म्हणून क्रिया दुप्पट होते.' २७ अंशांवरून ३७ वर गेलात तर केल्विनमध्ये ते ३०० वरून ३१०. रेणूंचा सरासरी वेग दोन टक्केसुद्धा वाढत नाही. पाण्याची चिकटाई कमी होते, त्यामुळे विसरण साधारण पाव पटीने वाढतं, एवढंच. क्रिया दुपटीच्या आसपास जाते ती सक्रियन ऊर्जेचा (क्रिया घडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा) उंबरा ओलांडू शकणाऱ्या रेणूंचं प्रमाण वाढल्यामुळे. आणि नागपुरात 'रूम टेम्परेचर' असं नुसतं लिहून भागत नाही. डिसेंबरच्या सकाळची खोली आणि मे महिन्यातली खोली यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. मी थर्मामीटर बीकरमध्येच ठेवते. मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं, की ३७ वर आणायला त्यात माठातलं पाणी घालावं लागतं.

पेशी म्हणजे पाण्याची पिशवी, हेही डोक्यातून काढा. आत दिवाळीच्या आधीच्या बर्डीच्या बाजाराइतकी दाटी असते, ई. कोलायमध्ये प्रथिनं साध्या पाण्यापेक्षा सुमारे दहापट हळू पसरतात.

आणि सगळंच विसरणावर सोपवू नका. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. तेवढं अंतर नुसतं भटकत कापायला प्रथिनाला शेकडो वर्षं लागली असती. तिथे कायनेसिन हे प्रथिन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून माल वाहून नेतं.