रोजच्या वहीसाठी चामड्याचं कव्हर घेताय? या चुका टाळा

वहीच्या चामडी कव्हरवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते कव्हर आधी घेतल्यामुळे. नागपुरात बर्डीतल्या दुकानात किंवा मोबाइलवर एखादं तपकिरी, ठसठशीत शिलाईचं कव्हर डोळ्यांत भरतं. ते घरी येतं आणि मग त्यात बसेल अशी वही शोधत फिरणं सुरू होतं. रोज लिहिणाऱ्या माणसाची वही दोन-तीन महिन्यांत भरते, चांगलं कव्हर मात्र वर्षानुवर्षं चालतं. एका कव्हरमध्ये पुढे कितीतरी वह्या येऊन जाणार आहेत. ती वही तुमच्या घराजवळच्या किंवा ऑफिसच्या रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात बारमाही मिळत नसेल, तर कव्हर कितीही देखणं असो, ते वर्षभरात कपाटात जातं. म्हणून आधी वही ठरवा. तीच वही निदान दोनदा भरून झाली असेल, हाताला आणि पेनाला पटली असेल, तरच तिच्यासाठी कव्हर बघा.

मापाचा घोळ

दुसरी चूक याच्याच पोटातली आहे. कव्हरवर ‘ए५’ लिहिलंय, आपली वहीही ए५ आहे, म्हणजे बसणारच, असं धरून चालणं. ए५ कागदाचं माप १४८ × २१० मिमी. पण पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वहीत पुठ्ठा कागदाच्या तीन बाजूंनी साधारण तीन-तीन मिमी बाहेर असतो. म्हणजे तीच वही बाहेरून जवळपास १५१ × २१६ मिमी भरते. मऊ पुठ्ठ्याच्या वहीसाठी शिवलेल्या कव्हरात ती जातच नाही, किंवा ओढूनताणून घातली तर मिटत नाही. उलटंही होतं. मोलस्किन या कंपनीची लार्ज वही १३ × २१ सेमी असते. पुष्कळ जण तिला ए५च समजतात, आणि ए५च्या कव्हरात ती दोन सेमी इकडेतिकडे हलत राहते. स्पायरल वहीला तारेची जाडी वेगळी लागते. तिच्यासाठी खिशात सरकवायचं कव्हर घेऊच नये.

माप असं घ्या. वही मिटलेली ठेवा आणि शिंप्याची टेप पुढच्या पुठ्ठ्याच्या कडेपासून पाठीवरून मागच्या पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत फिरवा. १४८ मिमी रुंद आणि १५ मिमी जाड वही असेल तर हा आकडा ३११ येतो. त्यात चामड्याच्या जाडीसाठी आणि मुडपण्यासाठी दहा-बारा मिमी धरा, वर शिलाईची कड वेगळी. उंचीत वहीच्या वर आणि खाली शिलाई धरून सहा-सात मिमी जागा हवी. त्याहून जास्त असेल तर वही खाली घसरते आणि कोपरे दुमडतात.

हे माप कोऱ्या वहीवर घेऊ नका, अर्ध्याहून जास्त लिहिलेल्या वहीवर घ्या. बॉलपेनने दाबून लिहिलेली पानं फुगतात, पावसाळ्याची हवा लागली की आणखी फुगतात. दुकानात जाताना भरत आलेली वहीच सोबत न्या. ती कव्हरात घालून मिटा. मग पहिलं पान उघडा, मधलं उघडा, शेवटचं उघडा. तिन्ही ठिकाणी वही टेबलावर सपाट पडली पाहिजे. पुठ्ठा अडकवायचे आतले खिसे फार अरुंद असतील तर वही सटकते आणि फार खोल असतील तर उघडताना ओढ बसते. ए५ला सहा ते आठ सेमी खोल खिसा पुरतो.

इलास्टिकच्या दोरीत पातळ वह्या अडकवायचं जे लांबट कव्हर हल्ली बरेच जण वापरतात, त्याचं माप बहुतेकदा ११० × २१० मिमीच्या वहीचं असतं. अशा तयार वह्या प्रत्येक दुकानात मिळत नाहीत म्हणून लोक ते टाळतात. पण ए४ कागद २१० × २९७ मिमीचा असतो. त्याची लांबी २२० मिमीवर कापून मधोमध दुमडली की नेमकी ११० × २१०ची वही होते. बाइंडिंगवाल्याला कागदाचं रिम दिलं की तो कापून, मधे पिना मारून गठ्ठा करून देतो. मला हा प्रकार मनापासून आवडतो. तीन पातळ वह्या एकत्र राहतात, कामाची वेगळी, हिशेबाची वेगळी, आणि भरलेली तेवढीच काढून ठेवता येते.

जाड म्हणजे टिकाऊ, हा समज

ए५च्या शंभर पानांचं, म्हणजे दोनशे बाजूंचं, ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाचं नुसतं वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास होतं. त्यावर दोन मिमी जाडीचं, आत खिसे असलेलं कव्हर आणखी दीडशे-दोनशे ग्रॅम घालतं. मग पुठ्ठा, पेन, कार्डं. मेट्रोने किंवा गाडीने रोज ये-जा करणाऱ्याच्या बॅगेत डबा आणि पाण्याच्या बाटलीशेजारी अर्धा किलोची वही फार दिवस राहत नाही. ती घरीच राहायला लागते. रोजच्या वापराला सव्वा ते दीड मिमीचं चामडं पुरेसं आहे. दोन मिमीचं घ्यायचंच असेल तर ते एकाच थराचं, अस्तर नसलेलं घ्या.

म्हशीचं चामडं दणकट आणि जाड्या दाण्याचं असतं. बकरीचं पातळ असूनही चिवट आणि हलकं असतं, छोट्या खिशातल्या वहीला ते उत्तम. मेंढीचं हाताला लोण्यासारखं लागतं, पण ताणलं जातं आणि लवकर फाटतं. रोजच्या कव्हरला ते नको. चामडंच नको असेल तर जाड कॅनव्हासचं कव्हर घ्या. ‘व्हीगन लेदर’ म्हणून विकलं जाणारं प्लॅस्टिकचं मात्र टाळा. का, ते पुढे येतंच.

‘वास घेऊन पाहा जी’

दुकानदार कव्हर नाकाशी नेऊन म्हणतो, “ओरिजनल आहे जी, वास घेऊन पाहा.” चामड्याचा वास बाटलीतून फवारताही येतो, त्यावर विसंबू नका. कोणी लायटर लावून दाखवतो. त्यातूनही काही सिद्ध होत नाही, कारण पातळ चामड्यावर प्लॅस्टिकचा थर चढवलेला मालही तेवढा वेळ तग धरतो. मागे ‘जेन्युइन लेदर’चा शिक्का असला तरी चामडं वरच्या मजबूत थराचं आहे की खालच्या कमकुवत थराचं, हे त्यावरून कळत नाही.

कापलेली कड बघा. खिशाच्या आतल्या बाजूला बहुतेकदा कड रंगवलेली नसते, तिथे नख लावून पाहा. खऱ्या चामड्यात वरपासून खालपर्यंत बारीक तंतू दिसतात आणि वरचा भाग खालच्यात मिसळत जातो. रेक्झिनमध्ये वर प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि खाली विणलेलं कापड अशी सरळ रेघ दिसते. मग कव्हर उजेडात तिरपं धरा. खऱ्या चामड्यावरचे दाणे एका जागी दाट, दुसरीकडे विरळ असतात, एखादा ओरखडाही असतो. ठसा मारलेल्या मालात तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. शेवटी बोटाने दाबा. खरं चामडं बोटाभोवती बारीक सुरकुततं.

चामड्याचा चुरा चिकटवून केलेला ‘बॉन्डेड’ माल आणि पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे ‘व्हीगन लेदर’ म्हणून बहुतेकदा विकलं जाणारं प्लॅस्टिक), दोन्ही नवे असताना झकास दिसतात. दिवाळीत कंपन्यांकडून मिळणाऱ्या डायऱ्यांची कव्हरं बहुधा याच जातीची. हवेतल्या ओलाव्याने पीयूचा थर हळूहळू तुटत जातो, त्याला उन्हाळ्याच्या उष्णतेची जोड मिळाली की दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि काळे कण बॅगभर होतात. यावर पॉलिश, गोंद, तेल, काहीच लागू पडत नाही. असं कव्हर टाकून द्या.

चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं आहे की क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, हेही विचारा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ते वापराने गडद होत जातं, आकार धरतं, आणि पाण्याचा थेंब पडला की डाग दाखवतं. क्रोमचं मऊ असतं, रंग फारसा बदलत नाही आणि ओलावा जास्त सोसतं. पावसाळ्यात गाडीवर हिंडणाऱ्यासाठी मी क्रोमचंच सुचवेन. टेबलावर ठेवून लिहिणाऱ्याने सालीचं घ्यावं, काही वर्षांनी त्याला जो रंग चढतो तो दुसऱ्या कशाला येत नाही.

आणखी एक तपासणी विसरू नका. पांढरा सुती रुमाल किंचित ओला करून आतून-बाहेरून घासा. रंग रुमालावर आला तर मे महिन्यात घामाच्या हाताने तो शर्टावरही येणार.

बटणं, चुंबकं, पेनाची जागा

मागच्या बाजूला धातूचं टिचबटण असेल तर लिहिताना वही डुगडुगते आणि पानांवर त्याचा गोल ठसा उठतो. साधं इलास्टिक किंवा चामड्याची पट्टी बरी. चुंबकाच्या खटक्याशेजारी काळ्या पट्टीची कार्डं ठेवू नका. पेनाची पट्टी स्वतःच्या पेनाने तपासून घ्या. आतल्या घडीत पेन राहणार असेल तर वही मिटताना पानांना खड्डा पडतो.

नागपूरची हवा

विकत घेतानाच्या चुका एकदाच होतात, वापरातल्या रोज होतात. पहिली म्हणजे स्कूटरची डिक्की. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली याहून कितीतरी जास्त गरम होतं. चामड्यातलं तेल सुकतं, ते कडक होऊन घडीवर चिरतं. सोल्युशनने (मोची वापरतात त्या गोंदाने) चिकटवलेले थर सुटतात, रंगवलेल्या कडा चिकट होतात, पेनातून शाई गळते ती वेगळीच. गाडी लावली की वही सोबत न्या. कारच्या डॅशबोर्डचंही तेच.

दुसरी चूक कूलर. आपल्याकडे उन्हाळाभर कूलरसमोरच्या टेबलावर सगळं पडलेलं असतं. बाहेर कोरडी हवा असताना त्रास जाणवत नाही. पण मृग लागल्यावर, पहिले दोन-चार पाऊस होऊनही उकाडा कमी होत नाही म्हणून कूलर चालूच राहतो, तेव्हा बंद खोलीतली हवा पार दमट होते. बुरशी धरायला चामड्याला एवढं पुरतं. वही कूलरच्या झोतातून बाजूला ठेवा. पावसाळ्यात कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतला ओलावा आतच राहतो. सुती कापडात गुंडाळा आणि शेजारी सिलिका जेलची पुडी टाका. पावसात गाडीवर जाताना मात्र प्लॅस्टिक हवंच, पोहोचल्याबरोबर काढायचं.

बिघडलंच तर

कव्हरवर पांढरट थर आला की लोक लगेच बुरशी समजून पुसायला घेतात. आधी हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून काही सेकंद द्या. थर विरघळून नाहीसा झाला तर तो चामड्यातला मेद वर आलेला आहे, कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. तसाच राहिला, किंवा कुबट वास येत असेल आणि ठिपके लोकरी दिसत असतील, तर बुरशी. मग वही काढून कव्हर घराबाहेर न्या, नाकातोंडाला रुमाल बांधा, कोरड्या फडक्याने झाडा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, आधी एका कोपऱ्यावर रंग जातो का बघून. नंतर सावलीत वाळवा. ज्या कपाटातून ते निघालं तेही पुसून घ्या, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच.

कव्हर भिजलं तर वही, कार्डं लगेच बाहेर काढा. पाणी टिपून घ्या, घासू नका. आत साधा कोरा कागद भरा, छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई फिक्या चामड्यावर उतरते. पंख्याखाली एक-दोन दिवस राहू द्या. ऊन, इस्त्री, हीटर यांच्या वाटेला जाऊ नका. सालीने कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आकसतं, आणि एकदा आकसलं की मूळ मापाला येत नाही. क्रोमचं शंभरच्या आसपास तग धरतं, पण कडक तेही होतं.

कोरडं पडलेल्या चामड्याला खोबरेल किंवा सरसोंचं तेल चोळणं ही घरोघरची सवय. खाण्याचं तेल खवट होतं, चामडं डागाळतं, आणि जास्त झालेलं तेल पानांत उतरून तिथली शाई पसरवतं. रंगीत बूट पॉलिशही नको, ते शर्टाला लागतं. लेदर कंडिशनर किंवा बिनरंगी क्रीम, वाटाण्याएवढं, फडक्यावर घेऊन. होळीच्या सुमारास एकदा आणि दिवाळीनंतर एकदा एवढं पुरे. पावसाळ्याच्या तोंडावर लावू नका, त्या मेदावर बुरशी पोसते.

शिलाई उसवली तर सोल्युशनने चिकटवू नका. सोल्युशन छिद्रांत भरलं की पुढे टाका घेणं अवघड होतं. कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे जा आणि सांगा, “काका, जुन्याच छिद्रांतून घ्या, मेणाच्या दोऱ्याने, हातानेच.” नवी छिद्रं पाडली तर जुन्या-नव्या छिद्रांच्या रांगेवर चामडं टराटरा फाटतं. सुटलेल्या टाक्याच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच टाकेही पुन्हा घ्यायला लावा. आणि कव्हर देताना वही काढून ठेवा, आरीचं टोक आतल्या पानांतून आरपार जातं.