आजीचा दिवस कसा लिहून काढावा

ऐंशी-नव्वदीच्या एखाद्या बाईंसमोर वही उघडून बसले आणि ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे म्हटले, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘आमचं कसलं आलंय सांगण्यासारखं? रांधा, वाढा, उष्टी काढा.’ मी पहिल्यांदा अशी मुलाखत घेतली तेव्हा हे उत्तर उतरवून घेऊन पाऊण तासात परतले आणि त्या बाई अबोल आहेत अशी समजूत करून घेतली. वस्तुतः चूक प्रश्नाची होती. आपल्या आयुष्यात सांगण्याजोगे काही आहे असे जिला कोणी कधी भासवलेच नाही, तिला आयुष्याविषयी विचारून उपयोग नसतो. तिला कामाविषयी विचारावे. विसाव्या शतकातील महाराष्ट्रातल्या सामान्य स्त्रीचा दिवस कागदोपत्री फारसा सापडत नाही, पण तो तिच्या हातांना पाठ असतो.

सुरुवात पहाटेपासून करावी, आणि जात्यापासून केली तर उत्तम. किती वाजता उठत होता, हा प्रश्न तितकासा कामाचा नाही, कारण घरात घड्याळ असेलच असे नाही. कोंबडा आरवण्याआधी की नंतर, अंधार होता की चिमणी लावली होती, असे विचारावे. जात्यावर एकटी बसत होता की समोर जाऊ किंवा नणंद होती, खुंटा कोणाच्या हाताला सैल लागायचा, ज्वारी होती की बाजरी की नाचणी, घरात खाणारी तोंडे किती आणि त्यासाठी रोज किती दळावे लागे, जात्याला टाकी लावायला, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने खडबडीत करायला, कोण येई आणि त्या दिवशीच्या पहिल्या पिठात कचकच लागे म्हणून ते कोणाला घालत, अशा बारीक प्रश्नांनी बोलणे आपोआप सुटते. ओवी म्हणायचा आग्रह धरू नये. हाताची दळण्याची लय आली की ओवी पुष्कळदा स्वतःहून येते, आणि तिच्यात सासरचा जाच, माहेरचा रस्ता आणि भावाची वाट पाहणे असे बरेच काही असते, जे साध्या बोलण्यात ती कधीच सांगणार नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या.

त्यानंतरचा प्रश्न मात्र विसरू नये : गिरणी कधी आली? गावात पिठाची गिरणी येणे ही माझ्या मते अनेक कायद्यांहून मोठी घटना होती, आणि तरीही तिची तारीख कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. गिरणीपर्यंत दळण डोक्यावर कोण नेई, दळणावळीचे पैसे कोणाकडून मागून घ्यावे लागत, ‘गिरणीचं पीठ गरम होतं, भाकरीला चव नाही’ असे म्हणून सासूने किती दिवस जाते चालू ठेवायला लावले, आणि पहाटेचा जो वेळ मोकळा झाला त्याचे पुढे काय झाले, हे सगळे विचारावे. मला मिळालेली उत्तरे पाहता तो वेळ विश्रांतीत क्वचितच गेला. तो शेतात, पाणी भरण्यात किंवा मुलांच्या शाळेच्या डब्यात गेला.

ती मापे सांगेल तेव्हा त्यांचे लगेच किलो करून टाकू नयेत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली हे कोष्टक खरे असले तरी पायलीचा आकार मुलखागणिक बदलत असे, शिवाय ही मापे वजनाची नसून भरून मोजण्याची होती. तिचाच शब्द लिहावा. घरात जुने मापटे अजून असेल, तर त्यात तेच धान्य भरून ते वजनकाट्यावर ठेवावे आणि येणारा आकडा कंसात नोंदवावा.

सालाची अडचण प्रत्येकाला येते. दाखल्यावरील जन्मतारखेवर विसंबून राहू नये. ती १ जून असेल तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिली असण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. गांधीहत्येच्या वेळी, म्हणजे १९४८च्या जानेवारीअखेर, लग्न झाले होते का? नागपूर भागातील बौद्ध कुटुंब असेल, तर १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर कोणाला कडेवर घेऊन गेला होता? पुण्यात १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पाणी आले तेव्हा चुलीवर काय होते? साताऱ्याकडच्या बाईला ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप विचारावा आणि मराठवाड्यातल्या बाईला १९७२च्या दुष्काळातील खडी फोडण्याचे काम, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ). तिच्या आईविषयी विचारायचे असेल, तर १९१८ची मानमोडीची (इन्फ्लुएन्झाची) साथ आणि बालविवाहाला बंदी घालणारा शारदा कायदा या दोन खुणा उपयोगी पडतात. तो कायदा १ एप्रिल १९३०ला लागू होण्याआधी मुली उजवून टाकण्याची एकच घाई उडाली होती, तेव्हा आईचे लग्न त्याच्या आधीचे की नंतरचे, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. नाण्यांच्या बाबतीत मात्र जपावे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, पण पुढे कित्येक वर्षे लोक पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिले, त्यामुळे ‘चार आण्याची भाजी’ १९५०ची असू शकते आणि १९८०चीही. भोकाचा पैसा अधिक भरवशाचा, कारण तो १९४३च्या आधीचा असू शकत नाही.

घरातला सर्वांत चांगला दस्तऐवज मात्र माळ्यावर असतो, तो म्हणजे नावे घातलेली भांडी. तांब्या, परात, डबे, घंगाळ खाली काढून, पुसून, उजेडात तिरके धरून वाचावेत. कोणी दिले, कशानिमित्त दिले आणि कोणत्या तारखेला, एवढे त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते. आहेराची यादी हरवली तरी ही यादी राहते. एका घरी पितळेच्या डब्यावर मला एक अनोळखी नाव दिसले. ‘मोडीत घेताना दुसऱ्याचा डबा आला असेल,’ असे मुलगा म्हणाला. आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘ते माझंच नाव आहे. लग्नात बदललं.’ साठ वर्षांच्या त्या मुलाला आईचे माहेरचे नाव तोवर ठाऊक नव्हते. म्हणून नोंदीच्या पहिल्या ओळीत माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि मगच सासरचे नाव लिहावे. पितळ जाऊन स्टील कधी आले, कल्हईवाला यायचा कधी बंद झाला, बोहारणीला कोणती नऊवारी देऊन कोणते पातेले घेतले आणि सहावारी नेसायला कोणी परवानगी दिली, हे त्याच बैठकीत निघते.

मुलाखतीच्या वेळी मुलगा, सून किंवा यजमान जवळ नसतील असे पाहावे. ते मदतीच्या हेतूनेच बसतात आणि तिच्याऐवजी उत्तरे देतात. मिक्सर आणि दूरदर्शन बंद असावे, हात मात्र रिकामे नसावेत. भाजी निवडत किंवा वाती वळत असलेली बाई अधिक मोकळेपणाने बोलते.

शब्दांच्या बाबतीत दोन ठिकाणी हमखास फसगत होते. ‘तुम्ही काम करत होता का?’ असे विचारले, की ‘नाही, घरीच होते,’ असे उत्तर येते, आणि अर्ध्या तासाने कळते की घरी बसून त्या दिवसाला हजार विड्या वळत होत्या. सोलापूर-सिन्नरकडे विड्या, मुंबईच्या गिरणगावात कापडगिरण्यांतल्या कामगारांसाठी चालवलेली खानावळ, कोकणात दुसऱ्याच्या शेतात लावणी, ही सगळी कामे बायका ‘काम’ या शब्दात धरत नाहीत. गिरणगावातल्या अशाच खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे त्यांच्या स्वयंपाकाकडे व्यवसाय म्हणून पाहिले गेले. यासाठी ‘हातात पैसा कधी आणि कशाचा यायचा, आणि तो कोण ठेवायचं?’ असे विचारावे. दुसरी फसगत मुलांच्या संख्येची. ‘मुले किती?’ याचे उत्तर हयात मुलांचे असते. ‘बाळंतपणे किती झाली?’ असे विचारावे, हलक्या आवाजात विचारावे, आणि मग सुईण कोण होती, बाजेखाली शेगडी किती दिवस होती, दवाखान्यात पहिले बाळंतपण कोणत्या मुलाचे, या प्रश्नांकडे वळावे. चार दिवस बाहेर बसण्याविषयी नात विचारते तेव्हा जे उत्तर मिळते ते नातवाला मिळत नाही, हेही लक्षात घेऊन मुलाखत कोणी घ्यायची ते ठरवावे. ती गप्प झाली तर वहीत ‘इथे थांबल्या’ एवढेच लिहावे. त्या शांततेचा अर्थ लावून मोकळे होऊ नये.

एका वाड्यातल्या स्वयंपाकघराला महाराष्ट्र समजू नये, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे, कारण छापील आठवणींमध्ये तेच स्वयंपाकघर वरचेवर दिसते. पाण्याविषयी प्रत्येकीला विचारावे : विहीर कोणती, ती कोणाची, दोर तुम्ही स्वतः सोडत होता की कोणी वरून ओतेपर्यंत घागर घेऊन उभे राहावे लागे? एकाच गावातल्या दोन बायकांची याची उत्तरे शेजारी शेजारी लिहिली, तर त्यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या नसत्या, तर त्यांपैकी पुष्कळ जणींची नावेसुद्धा आज उरली नसती.

लिहून झाल्यावर मजकूर तिच्यासमोर मोठ्याने वाचावा. बोली सुधारून प्रमाण करू नये आणि पानाला रुंद समास सोडावा, कारण वाचन ऐकताना ती हमखास दुरुस्त्या सांगते. काय छापायचे आणि काय नाही, हे तिने ठरवावे. जे वगळायला सांगेल ते खरोखर वगळावे. स्वच्छ प्रत ठळक अक्षरात काढून आधी तिच्या हातात द्यावी आणि मग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावी.